टप्प्यात आलेले हरीण

हरणाच्या शिकारीत लांब पल्ला कशाला म्हणायचे, हे रानावर ठरते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दाट झाडीत पांढऱ्या शेपटीचे हरीण बहुतेक वेळा १०० यार्डांच्या आतच नजरेस पडते. तिथे २५० यार्डांवरून बार टाकणे म्हणजे धाडस. पश्चिमेला वायोमिंग, युटा, नेव्हाडा, आयडाहो या राज्यांत खुरट्या झुडपांची उघडी माळराने आणि रुंद दऱ्या आहेत. तिथले ‘म्यूल डिअर’ (खेचरासारख्या मोठ्या कानांवरून पडलेले नाव) समोरच्या उतारावर अर्ध्या मैलावरूनही दुर्बिणीत स्पष्ट दिसते, आणि २०० यार्ड हे अंतर जवळचे मानले जाते. दिसणारे हरीण आणि मारण्याजोगे हरीण यांत किती अंतर मानायचे, हा वाद मुख्यतः या पश्चिमेचा आहे.

मराठीत सावज ‘टप्प्यात येते’. टप्पा जागच्या जागी असतो, येते ते सावज. गेल्या पंचवीसएक वर्षांत हे व्याकरण उलटले. लेझरने अंतर मोजणारी मुठीत मावणारी यंत्रे स्वस्त झाली. बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवून गोळीच्या घसरणीची भरपाई करता येऊ लागली. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आले, आणि हा सगळा हिशेब मांडणारे मोबाइलमधले ॲपही. पूर्वी ३०० यार्डांच्या आसपास संपणारा टप्पा ६००, ८००, काहींच्या लेखी १००० यार्डांपर्यंत सरकला. हरीण होते तिथेच चरत राहिले.

शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष समोरासमोर बसवतात. त्याच रीतीने इथे लांबून मारणे चालते म्हणणाऱ्यांना दूरपक्ष आणि जवळ जाऊनच मारावे म्हणणाऱ्यांना निकटपक्ष म्हणता येईल. दोघेही शिकारीच आहेत. शिकारच नको म्हणणारा तिसरा पक्ष अमेरिकेतही आहे आणि भारतातही. पण त्याच्या लेखी ५० यार्ड काय आणि ५०० काय, सारखेच. त्यामुळे या विशिष्ट वादात त्याला जागा नाही.

दूरपक्षाचा पहिला मुद्दा सरळ आहे. “हरणाला यातना कमीत कमी व्हाव्यात, शिकारीच्या नीतीचा गाभा एवढाच. गोळी फऱ्यामागे, हृदय-फुप्फुसांत बसली तर हरीण काही सेकंदांत संपते. मग ती १०० यार्डांवरून आली की ६०० वरून, हरणाला काय फरक? तालीम केलेल्या माणसाचा आडवे पडून, दस्ता नीट टेकवून, अंतर मोजून काढलेला दूरचा बार हा धापा टाकत, उभ्याने, घाईत काढलेल्या जवळच्या बारापेक्षा कितीतरी दयाळू असतो.”

यातला दुसरा भाग निकटपक्षालाही नाकारता येत नाही. पूर्वेच्या रानात पळत्या हरणावर ६० यार्डांवरून झाडलेल्या गोळ्यांनी किती जनावरे पोटात जखमी होऊन जातात, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो तत्त्वावर न अडता आकड्यांकडे वळतो. आकडे इथे बोलके आहेत.

हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण ८ ते १० इंच व्यासाचा असतो. मधल्या क्षमतेची, हल्ली लांब पल्ल्यासाठी लोकप्रिय असलेली ६.५ क्रीडमूर ही काडतुसाची जात घेतली, तर तिची १४३ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने सुटते. बंदूक २०० यार्डांना जुळवलेली असेल तर ४०० यार्डांवर ही गोळी जवळजवळ दोन फूट आणि ५०० यार्डांवर जवळजवळ चार फूट खाली येते. ऐकायला हे भयंकर वाटते, पण खरी अडचण घसरणीची नाहीच. घसरण गुरुत्वाकर्षणाची आहे, आणि गुरुत्वाकर्षण रोज तेच असते. अंतर लेझरने नेमके कळले की चकती फिरवून ती पुसता येते. या बाबतीत दूरपक्षाने बाजी मारली आहे.

वाऱ्याचे तसे नाही. ताशी १० मैल वेगाचा आडवा वारा हीच गोळी ३०० यार्डांवर सुमारे ५ इंच ढकलतो, तर ५०० वर सुमारे १५ इंच. शिकाऱ्याने वारा १० मैलांचा धरला आणि प्रत्यक्षात तो १३ मैलांचा निघाला, तर ३०० यार्डांवर चूक दीड इंचाची होते आणि ती खपून जाते. ५०० वर ती साडेचार इंचांची होते, म्हणजे मर्माच्या मध्यावर धरलेला नेम थेट त्याच्या कडेवर जातो. त्यात बंदुकीचे स्वतःचे विखुरणे मिळवायचे. १०० यार्डांवर इंचभर विखुरणारी बंदूक चांगली समजली जाते. ५०० वर ते विखुरणे पाच इंचांचे होते. शिवाय वाऱ्याचे यंत्र मोजते तो वारा शिकाऱ्याच्या हाताजवळचा. गोळी दरीवरून जाते. दरीच्या मधोमध वारा वेगळा, पलीकडच्या उतारावर ऊन पडले की वर चढणारी हवा आणखी वेगळी. गवताचे झुकणे आणि उन्हाच्या लहरी पाहून हे वाचायचे असते. ते शिकता येते, विकत घेता येत नाही.

दूरपक्ष म्हणतो, “म्हणूनच तालीम. जो वारा वाचू शकत नाही त्याने मारू नये.” निकटपक्ष विचारतो, “आणि हरणाची तालीम कोण घेणार?” हा प्रश्न विनोदी वाटला तरी मुद्दा गंभीर आहे. ५०० यार्ड पार करायला गोळीला साधारण ०.६५ सेकंद लागतो. सावकाश चालणारे हरीण तेवढ्या वेळात अडीच-तीन फूट पुढे जाते. उभ्या हरणावर नेम धरून चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याने पुढच्या झुडपाकडे पाऊल टाकले, तर फुप्फुसासाठी सुटलेली गोळी पोटात जाते. शिकाऱ्याकडून चूक झालेली नसते. हरणाने फक्त चरायला पाऊल उचललेले असते. १०० यार्डांवर हाच वेळ दशांश सेकंदाच्या जरा वर असतो आणि तेवढ्यात हरीण अर्धा फूट सरकते.

पोटात गोळी लागणे म्हणजे काय, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत वाद नाही. फुप्फुसात लागलेले हरीण बहुधा शंभरेक यार्ड धावून कोसळते. पोटात लागलेले कित्येक तास जगते. म्हणून जाणते शिकारी अशा हरणाच्या मागे लगेच जात नाहीत. तास मोजत थांबतात, कारण पाठलाग झाला तर ते आणखी मैल-दोन मैल जाते आणि कायमचे हरवते.

गोळीच्या वेगाचाही एक प्रश्न आहे. शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते. म्हणूनच ती लवकर मारते. नेहमीच्या घडणीच्या बऱ्याच गोळ्यांना नीट फुलायला सेकंदाला सुमारे १८०० फूट वेग लागतो, आणि वरच्या काडतुसाची गोळी ६५०-७०० यार्डांच्या आसपास त्या वेगाशी येऊन पोचते. त्यापुढे ती आरपार जाईल, पण जखम बारीक करेल. कारखान्यांनी यावर कमी वेगातही फुलणाऱ्या गोळ्या काढल्या आहेत, आणि दूरपक्ष त्या वापरतो. त्यामुळे हा मुद्दा निकटपक्ष समजतो तितका निर्णायक राहिलेला नाही.

इथपर्यंतचा वाद मोजमापाचा आहे. मोजमापाचा वाद यंत्राने सुटू शकतो, निदान सुटेल अशी आशा धरता येते. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ट्रॅकिंगपॉइंट या कंपनीने बाजारात आणलेली बंदूक त्या आशेचे टोक होते. दुर्बिणीतून सावजावर खूण करायची, चाप दाबून धरायचा, आणि नळी त्या खुणेशी बरोबर जुळल्यावर बार बंदूकच काढणार. वाऱ्याचा आकडा तेवढा माणसाने भरायचा. ही बंदूक पाहून दूरपक्षातलेही बरेच जण चपापले. यातना कमी करणे एवढीच नीती असती, तर त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. त्यांना खटकले ते दुसरेच काहीतरी, आणि निकटपक्षाचे खरे म्हणणे तिथून सुरू होते.

ते समजण्यासाठी १८७०च्या दशकातल्या अमेरिकी मैदानांकडे जावे लागते. त्या काळी कातड्यांसाठी बायसन मारणारे शिकारी शार्प्स कंपनीच्या जड रायफली वापरत. पद्धत ठरलेली होती. वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोनएकशे यार्डांवर बैठक मारायची, कळपाला वाट दाखवणारी मादी आधी फुप्फुसात गोळी घालून पाडायची आणि मग एकेक करत बाकीच्यांना टिपायचे. शत्रू दिसत नाही, वास येत नाही, आवाज कुठून आला ते कळत नाही. कळप गोंधळून तिथेच उभा राहायचा, पडलेल्यांना हुंगत. एकाच बैठकीत डझनावारी बायसन पडत. १८८०च्या दशकाच्या अखेरीस मोकळ्या रानात काही शेकडेच उरले. थिओडोर रूझवेल्ट १८८३ मध्ये डाकोटात बायसनच्या शिकारीला गेला, तेव्हा त्याला तो शोधत दिवसचे दिवस भटकावे लागले. चार वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याने जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि इतर मित्रांसह बून अँड क्रॉकेट क्लब काढला. ‘फेअर चेस’, म्हणजे सावजाला वाव ठेवून केलेली न्याय्य शिकार, ही कल्पना याच क्लबने अमेरिकेत रुजवली.

क्लबने सुरुवातीच्या काळात कोणत्या गोष्टींना नाक मुरडले ते पाहण्यासारखे आहे. पोहणाऱ्या हरणाला नावेतून मारणे, खोल बर्फात रुतलेल्या हरणाला मारणे, रात्री उजेडाने डोळे दिपवून मारणे. या तिन्ही रीतींत अंतर अगदी थोडे असते आणि मरण बहुधा झटपट येते. पोहणारे हरीण दहा यार्डांवरून एका गोळीत संपवता येते. तरी ते वर्ज्य, कारण पाण्यात हरणाला पाय वापरता येत नाहीत. निकटपक्ष हेच सूत्र पुढे नेतो: ८०० यार्डांवर हरणाचे पाय शाबूत असतात, पण नाक आणि कान निकामी होतात. क्लबनेही पुढे लांब पल्ल्याच्या गोळीबाराविरुद्ध भूमिका घेतली ती याच धर्तीवर. धोका ओळखण्याची जनावराची उपजत शक्तीच त्यात बाद होते, असा तिचा आशय आहे. या भूमिकेत यार्डांचा आकडा मात्र क्लबने दिलेला नाही, आणि ते योग्यच केले. आकडा दिला असता तर वाद पुन्हा मोजमापात शिरला असता.

दूरपक्षाकडे याला उत्तर आहे, आणि ते चांगले आहे. “हरणाची ज्ञानेंद्रिये निकामी करणे हाच गुन्हा असेल, तर शिकारीतली कुठली युक्ती निर्दोष आहे? झाडाच्या रंगाचे कपडे हरणाच्या डोळ्यांना फसवतात. वास मारणारा साबण नाकाला फसवतो. शिंगे एकमेकांवर आपटून झुंजीचा आवाज काढणे कानाला फसवते. पूर्वेकडचा शिकारी वीस फुटांवरच्या मचाणावर बसतो, कारण हरीण सहसा वर पाहत नाही. त्याला न्याय्य म्हणायचे आणि उघड्या डोंगरावर आडवे पडून मारणाऱ्याला अन्याय्य?”

त्याचा पुढचा वार धनुष्यावर आहे. धनुर्धारी शिकारी ३० यार्डांच्या आत जातो आणि निकटपक्षाच्या डोळ्यांत तो सर्वांत थोर. पण बाण रक्तस्रावाने मारतो. प्रत्यंचेचा आवाज ऐकून हरीण दबते आणि बाण भलतीकडे लागतो. धनुष्याने जखमी होऊन निसटणारी हरणे थोडी नाहीत. “यातनांचा हिशेब मांडायचा तर आधी धनुष्य खाली ठेवा,” असे दूरपक्ष म्हणतो, आणि इथे निकटपक्ष खरोखर अडचणीत येतो. त्याला कबूल करावे लागते की त्याची कसोटी केवळ यातनांची नाही. अर्थात मग दूरपक्षाचीही केवळ यातनांची नसणार. तशी असती तर त्याने शहरांच्या वेशीवर हरणांची संख्या कमी करण्यासाठी नेमलेल्या निशाणबाजांचा कित्ता गिरवला असता. ते लोक आमिष टाकून, रात्री, आवाज दाबणारी नळी लावून, अगदी थोड्या अंतरावरून मारतात. यातना सर्वांत कमी तिथे होतात आणि त्याला शिकार कोणी म्हणत नाही. दयाळूपणा आणि न्याय्यता ही दोन वेगळी मापे आहेत, हे या एका उदाहरणाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. दूरपक्ष पहिल्या मापाने बोलतो, निकटपक्ष दुसऱ्या. म्हणून एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

मचाणाबद्दल निकटपक्षाचे उत्तर असे: मचाणावरच्या माणसाला हरीण पकडू शकते. वारा फिरला की फुरफुरून, पांढरी शेपटी उभारून ते निघून जाते, आणि कित्येक संध्याकाळी अशाच रिकाम्या जातात. ८०० यार्डांवरचा शिकारी जोडीदाराशी बोलतो, कॉफी पितो, उठून पाय मोकळे करतो. त्याच्या कुठल्याच चुकीची शिक्षा हरीण देऊ शकत नाही.

एक गोष्ट तर अशी आहे की दोन्ही पक्ष ती आपापल्या बाजूने साक्षीला काढतात. लांबून झाडलेली पहिली गोळी चुकली तर हरीण पुष्कळदा पळतच नाही. आवाज दऱ्यांतून घुमत येतो, दिशा लागत नाही. ते मान वर करते, कान फिरवते आणि उभे राहते. दूरपक्षाला यात गुण दिसतो. सावज बुजलेले नाही, चकती दोन खाचा फिरवून दुसरी गोळी नीट घालता येते, जखमेची शक्यता कमी. निकटपक्षाला त्या उभ्या हरणात गोंधळून उभा राहिलेला बायसनचा कळप दिसतो.

वादाचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग गोळी सुटल्यानंतरचा आहे. जवळच्या बारानंतर शिकारी दोन मिनिटांत हरीण उभे होते त्या जागी पोचतो. केस, रक्ताचे थेंब, खुरांनी उकरलेली माती पाहून त्याला कळते की गोळी कुठे लागली: फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हिरवट घाण म्हणजे पोट. दरीपलीकडच्या ६०० यार्डांसाठी आधी उतरावे लागते, मग चढावे लागते. तासभर सहज जातो. पलीकडे पोचल्यावर तो उतार ओळखू येत नाही. दुर्बिणीतून ठळक दिसलेले एकुलते झुडूप प्रत्यक्षात शंभर सारख्या झुडपांतले एक निघते. जखमी हरीणही कधी कधी न लागल्यासारखे धावते. अशा वेळी ‘नेम चुकला’ असे समजून तिथे न जाण्याचा मोह मोठा असतो. किती ‘चुकलेले’ नेम प्रत्यक्षात लागलेले होते, हे तिथे न गेलेल्या माणसाला कधीच कळत नाही. निसर्गसंरक्षणावर लिहिणाऱ्या आल्डो लिओपोल्डने शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात याकडे लक्ष वेधले होते. शिकाऱ्याचे वागणे त्याच्या सदसद्विवेकावरच सोपवलेले असते. आता दुर्बिणीला मोबाइल जोडून चित्रफिती काढतात, त्यामुळे प्रेक्षक मिळाले आहेत, पण त्यांना दाखवले जातात ते पडलेले हरीण आणि हस्तांदोलन.

दूरपक्षातले कसलेले लोक हा आक्षेप झटकून टाकत नाहीत. त्यांची रीत अशी: एक जण नेम धरतो, दुसरा वेगळ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागते ते पाहतो. बार झाल्यावर त्या जागेचा फोटो काढतात, होकायंत्राने दिशा नोंदवतात. मग एकाने जागेवर बसून राहायचे आणि हातवारे करून किंवा वॉकीटॉकीवर दुसऱ्याला त्या झुडपापर्यंत न्यायचे. उजेड दोन तास उरला नसेल तर बारच काढायचा नाही. एकट्या माणसाला हे जमत नाही, आणि एकट्याने दूरचा बार काढू नये हे दूरपक्षही मान्य करतो.

पैशाचा मुद्दाही निघतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा आधीपासूनचा कर (आज ११ टक्के) वन्यजीवांसाठी राखून ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज तीन कोटींच्या घरात आहेत, त्यात या पैशाचा वाटा आहे. दूरपक्ष हे अभिमानाने सांगतो. ते खरे आहे, पण निकटपक्षाची काडतुसेही त्याच कराची असतात, तेव्हा या वादात त्याचा उपयोग नाही.

कायदा या प्रकरणात मागेच राहिला आहे. बहुतेक राज्यांच्या शिकार-नियमांत अंतराची मर्यादा नाही. ती घातली तरी डोंगरात मोजणार कोण? त्याऐवजी हत्यारावर बंधने येतात. आयडाहोने मोठ्या सावजाच्या शिकारीसाठी दुर्बीण आणि पट्ट्यासह बंदुकीचे वजन १६ पौंडांवर जाऊ नये असा नियम केला आणि बंदुकीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांनाही मनाई केली. वजनाची ही अट वरवर विचित्र दिसते. पण खूप लांबून मारण्यासाठी बनवलेल्या बंदुका जड असतात, त्यामुळे अंतराचा शब्दही न काढता अंतराला लगाम बसतो. जखमी सावज शोधण्याचा वाजवी प्रयत्न केलाच पाहिजे, अशी सक्ती अनेक राज्यांत आहे.

उरते ती प्रत्येकाने स्वतःवर घालायची मर्यादा. ती ठरवण्याची एक रीत दोन्ही पक्षांतले अनुभवी शिकारी सांगतात. बाकावर टेकून, गरम झालेल्या नळीतून मारलेल्या दहाव्या गोळीवरून अंतर ठरवायचे नाही. चढण चढून यायचे, पाठीवरची पिशवी टेकायला घ्यायची आणि थंड नळीतून एकच गोळी आठ इंची तबकडीवर मारायची. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाऱ्यात हे पुन्हा पुन्हा करायचे. ज्या अंतरावर ती पहिली गोळी जवळजवळ कधीच चुकत नाही, ते आपले अंतर. ही कसोटी दूरपक्षाच्या मापाची आहे, तरी तिच्यातून निघणारा आकडा अनेकांच्या बाबतीत निकटपक्षाला आवडेल असाच असतो. दुसरी रीत परवान्याची. बहुतेक ठिकाणी हरणामागे एक चिठ्ठी मिळते आणि मारलेल्या जनावराला ती बांधावी लागते. जखमी होऊन हरवलेल्या हरणाला चिठ्ठी बांधता येत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती कोरीच राहते आणि शिकारी दुसरे हरीण शोधू शकतो. काही शिकारी रक्ताचा एक थेंब दिसला की ती चिठ्ठी वापरली गेली असे धरतात, दोन दिवस माग काढतात आणि हरीण सापडो न सापडो, त्या वर्षीची बंदूक पेटीत ठेवतात. असे शिकारी दोन्ही पक्षांत आहेत.